मनूची खाट

शेजारच्या काकींनी नातवाची लहान खाट आम्हाला दिली. परक्या मुलखात एवढं कोण करतं? पहिल्या रात्री अडीच वर्षांची मनू त्या खाटेत एकटी झोपली आणि मीच सारखी उठून तिच्या नाकाशी बोट धरत राहिले. चौथ्या वेळी ती डोळे न उघडताच म्हणाली, “आई, झोप की गं!”

सातवीत शाळा सुटली माझी, पण एकटं झोपणं पुढच्या इयत्तांतही शिकवत नसावेत. माहेरी आम्ही पाच बहिणी एका वाकळेखाली. एकीने कूस बदलली की पाचीजणी वळायच्या. लग्न होऊन सुरतेला आले, तरी पाठीला कोणाची तरी पाठ लागतेच.

मनू मात्र हातपाय पसरून खुशाल घोरत होती. हेच तर हवं होतं, तरी मला हुंदका आला.

अंधारातून नवरा म्हणाला, “अगं, रडणार ती होती ना?”