अर्ध्या नदीपर्यंतच्या चटया

त्या पुढाऱ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो मेल्याची बातमी गावात आली त्या दिवशी मी सुनेला शिरा करायला सांगितला आणि पोटभर खाल्ला. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आमचं गाव आलापल्लीच्या रस्त्यावर, नदीच्या अलीकडच्या काठाला. बाजार, कचेरी, दवाखाना सगळं पलीकडे. पावसाळ्यात डोंगा चाले. पाणी ओसरलं की नुसती वाळू उरे, आणि त्या वाळूत गाडीचं चाक आसापर्यंत रुते. म्हणून दर वर्षी सरकारी खर्चानं वाळूवर बांबूच्या चटया अंथरत, या काठापासून त्या काठापर्यंत. मी त्या कामावरचा मुकादम होतो. चटईवर चटई चार बोटं चढवायची, कडेला खुंट्या ठोकायच्या, फाटली की त्याच दिवशी बदलायची. सागाचे ट्रक जात, पण माझी चटई हलत नसे. मला त्याचा गर्व होता.

देशात नवं नवं मतदान आलं तेव्हा हा पुढारी चावडीपुढे सभा घ्यायला आला. म्हणाला, सरकार उधळं झालंय, कमाईपेक्षा खर्च जास्त आहे. मला निवडून द्या, मी या खर्चाला कात्री लावतो, तूट भरून काढतो, तुमच्या घामाचा एक आणा वाया जाऊ देत नाही. मी सगळ्यात पुढे बसून टाळ्या पिटल्या. मला वाटलं, कात्री बंगल्यांना लागेल, मोटारींना लागेल.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "थो कोनाचा खर्च कमी करन, हे नाई सांगतलं काय त्यानं?"

मी हसलो. तुला यातलं काय कळतं, असंही म्हणालो. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तो निवडून आला. दोन वर्षांनी काटकसरीचा हुकूम निघाला आणि आमच्या नदीच्या चटया निम्म्या झाल्या. मी ओव्हरसीअरला विचारलं, "साहेब, निम्म्या चटयात नदी कशी झाकाची?" तो म्हणाला, "आहे त्यात भागवा." विरळ टाकल्या तर चाक फटीत जाई आणि बैलाचा पाय मोडे. म्हणून आम्ही आमच्या काठापासून मध्यापर्यंत नीट अंथरल्या आणि पुढची नदी उघडी सोडली. कागदावर काम पूर्ण झालं. ज्याला पलीकडे जायचं असेल त्यानं पुढचं आपलं बघावं.

त्याच उन्हाळ्यात माझी बायको दुसऱ्या बाळंतपणात अडली. मूल आडवं आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईणबाई म्हणाली, "माझ्या हातचं नाई आता भाऊ, दवाखान्यात ने." गाडीत गवत घालून तिला निजवली. बरोबर मी, माझा भाऊ आणि सुईणबाई. चटया होत्या तोवर गाडी चांगली गेली. चटया संपल्या आणि दहा पावलांवर दोन्ही चाकं बसली. एक बैल खाली बसला तो उठेना. मी खांदा लावून लावून रक्ताळलो. खाट आणायला भाऊ गावाकडे पळाला. ऊन चढत गेलं. ती मला म्हणाली, "बैलाले मारून नोका राहू." तिचं शेवटचं बोलणं ते. भाऊ खाट घेऊन आला तेव्हा न्यायला जिवंत कोणी नव्हतं. मूलही गेलं.

मी त्या पुढाऱ्याला तीन अर्ज लिहिले. बायकोबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, फक्त चटया मागितल्या. उत्तर आलं नाही.

पुन्हा मतदान आलं आणि त्याची सभा पलीकडच्या गावी ठरली, दुपारी. ओव्हरसीअर धावत आला. साहेबांची जीप जायची आहे, नदी पुरी झाका, घराघरांच्या कुडाच्या ताट्या काढून आणा म्हणाला.

"लेखी द्या," मी म्हटलं.

काटकसरीच्या हुकमाविरुद्ध लिहून द्यायची त्याची छाती झाली नाही. मग मी लेखी हुकमाप्रमाणे केलं. अर्धी नदी इतकी सुरेख झाकली की तसं काम पुन्हा माझ्या हातून झालं नाही. आणि चटया संपतात तिथली वाळू आम्ही फावड्यांनी उकरून भुसभुशीत केली. हो, मुद्दाम केली.

जीप भरधाव आली आणि नाकावर आपटून रुतली. मी गाडी घेऊन उभाच होतो. "बसा साहेब, पोचवून देतो," म्हटलं. तो चढला. दहा पावलं नेली, बैल सोडले आणि सावलीला, काठाकडे पाठवून दिले. त्याची माणसं जीपखालची वाळू उपसत होती. माझी माणसं भोवती उभी होती.

"काय झालं? बैल काऊन सोडले?" त्यानं विचारलं.

"माझी बायको इथीच मेली, साहेब. याच गाडीत. जेवढा वेळ थे होती तेवढा वेळ बसा."

तो चिडला, मग विनवू लागला. एकदा खाली उतरला, पण वहाणेसकट पाय तापलेल्या वाळूत गेला आणि तो कळवळून पुन्हा वर चढला. पाणी मागितलं. माझ्याजवळ होतं, मी दिलं नाही. त्याच्या मानेवरून घाम ओघळताना मी बघत होतो आणि मला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

शेवटी तो हात जोडून म्हणाला, "मुकादम, चूक झाली. तिचं नाव सांगा. आजच सभेत जाहीर करतो, तिच्या नावानं इथे पूल बांधू."

गाव पुलाला कधीचं तरसलं होतं. कदाचित त्यानं बांधलाही असता. पण मला ती चावडीपुढची सभा दिसली, आणि या तोंडातून तिचं नाव निघणार, त्यावर टाळ्या पडणार, हे दिसलं.

मी बैल परत बोलावले आणि जुंपले. माझ्या माणसांनी न सांगता चाकं उचलून गाडी फिरवली. त्याला पुन्हा आमच्याच काठाला आणून उतरवला. पलीकडची सभा वाट बघून उठली.

माझं काम गेलं. पूल झाला नाही. गाव मला आजही बोल लावतं आणि ते बरोबरच आहे. तिचं नाव मात्र मी त्याला सांगितलं नाही.