साडेसात हजार मैलांची अट

कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावात ऑरिन टेव्हरेसचं गॅरेज आहे. गाड्यांचा धूर तपासून दाखला देणं हा त्याचा धंदा. कुणी गाडी दाखवायला आणली, की तो आधी बॉनेट उघडून आतलं लेबल वाचतो. किंमत नंतर.

ही सवय ठेच लागून जडली. बारा वर्षांपूर्वी, तो बेकरीचा पाव पोचवायचा तेव्हा, त्यानं शेजारच्या नेवाडा राज्यातून, रीनोहून, नवी गाडी आणली. स्वस्त होती, घाटही झपाट्यानं चढायची. पण ती कॅलिफोर्नियाच्या धुराच्या नियमांत बसते असं लेबलावर नव्हतं, आणि तशी गाडी साडेसात हजार मैल चालली नसेल तर नवी धरून इथं नोंदवत नाहीत. ऑरिननं डोकं लढवलं. महिनाभर रिकामी गाडी वाळवंटात पळवून आकडा गाठला. नोंदणी कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि आकडा खरेदीच्या दिवशीचा धरतात, असं शांतपणे सांगितलं. गाडी परत गेली. गाव अजून हसतं. त्या फजितीपायीच त्यानं सगळे नियम पाठ केले आणि या धंद्यात शिरला.

गेल्या गुरुवारी मार्निया क्विस्ट त्याला रीनोला घेऊन गेली. ती घरोघर जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करते. तिची जुनी गाडी कायमची बंद पडली होती, आणि सोमवारी नवी नसेल तर घाटावरचे तिचे रुग्ण दुसरीकडे जाणार होते. तिथल्या गाड्यांच्या दुकानात तिनं एक लाल गाडी हेरून ठेवली होती. ऑरिननं लेबल वाचलं, मैल पाहिले, तीन हजार. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग तुमच्यासारखी महिनाभर वाळवंटात फिरवू का?" मार्निया हसून म्हणाली.

ऑरिन मागच्या रांगेत गेला. तिथं दाराला पोचा आलेली करडी गाडी होती. लेबल तसंच, पण फिरत्या विक्रेत्यानं अकरा हजार मैल चालवलेली.

"ही घे. जास्त झिजलीय, म्हणूनच चालेल."

"आणि धुरात नापास झाली तर?"

"तर मी दुरुस्त करीन. लॉस एंजेलिसला माझ्या शाळेत गाड्यांच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, मधल्या सुट्टीत बाहेर सोडत नसत. त्यामुळे दाखला मात्र उगाच देणार नाही."

शुक्रवारी सकाळी त्यानं गॅरेजात गाडीला धूर तपासायची नळी लावली. गाडी पास झाली, दुपारी नोंदवलीही गेली. सोमवारी आठ वाजता करडी गाडी गॅरेजवरून घाटाकडे वळली. ऑरिननं चढावर तिचा आवाज शेवटच्या वळणापर्यंत ऐकला, मग पुढच्या गाडीचं बॉनेट उघडलं.