टाकेबाईंची बत्तीस घरं

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला तळघर आहे आणि त्या तळघरात पुस्तकबांधणीचा विभाग. विभाग कसला, एकटी बाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण सगळे तिला टाकेबाई म्हणतात. फाटलेली पुस्तकं, पीएचडीचे प्रबंध, मासिकांचे गठ्ठे, सगळं तिच्याकडे खाली उतरतं आणि कणा ताठ करून वर येतं. "इथल्या निम्म्या डॉक्टरांचा कणा मी बसवलाय," ती म्हणायची. "पुढे कुणाकुणाचा मोडला, त्याला मी काय करू?"

मी वर, पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीवर बसते. दुपारचा डबा मात्र आम्ही दोघी खालीच खातो, तिच्या टेबलाच्या टोकाला, खळीचं भांडं बाजूला सारून. शिवायला आलेलं प्रत्येक पुस्तक ती थोडं तरी वाचतेच. अडलेल्या शब्दाचा अर्थ मला विचारते. सातवीपर्यंत शिकलेली. पुढे का नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

विद्यापीठाला पन्नास वर्षं झाली तेव्हा एक जाडजूड इतिहास छापला गेला. त्याच्या तीनशे प्रती टाकेबाईनं हातानं शिवल्या. तो सगळा महिना ती घुम्यासारखी होती. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

त्यानंतर दोन वर्षांनी समाजशास्त्राला नवीन सर आले. त्यांनी वेगळाच वर्ग काढला. मुलांनी आसपासच्या माणसांकडे जायचं, त्यांच्यावर झालेला अन्याय ऐकून घ्यायचा आणि तो चार लोकांसमोर गोष्टीसारखा सांगायचा. "आता गोष्टी सांगून पदव्या मिळणार," असं म्हणत जुने प्राध्यापक चहाच्या कपात हसले. पण मुलं मन लावून करत होती.

त्या वर्गातली एक चष्मेवाली मुलगी डब्याच्या वेळीच आपली वही बांधायला घेऊन खाली आली. तिची गोष्ट सभागृहाच्या पायऱ्यांबद्दल होती. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलांना त्या पायऱ्या चढताच यायच्या नाहीत. गोष्ट चांगली होती. टाकेबाईनं पहिलं पान उघडलं, वाचलं, आणि तिचा दाभण हातातच राहिला.

"ओसाड माळावर उभं राहिलेलं सभागृह. हे कुणी सांगितलं तुला?"

"इतिहासाच्या पुस्तकात आहे, मावशी."

"ते पुस्तक मीच शिवलंय. शिवलं म्हणून खरं होत नाही." ती जरा थांबली. मग म्हणाली, "बत्तीस घरं होती तिथे. एकोणिसावं आमचं."

मी डबा बाजूला सारला. इतकी वर्षं एका टेबलावर जेवलो, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

मुलगी खाली जमिनीवरच बसली. टाकेबाई बोलत गेली. गल्ली अशी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं उंबऱ्यावर चढायचं. शेजारच्या घरात तिची मैत्रीण, चिमणी. दोघींच्या घरांत एकच भिंत. त्या भिंतीतली एक वीट सैल होती. ती काढून दोघी एकमेकींना पेन्सिल द्यायच्या, उत्तरं द्यायच्या, घरात रागावलं की नुसता हात द्यायच्या. सातवीची शेवटची परीक्षा होती. चिमणी म्हणाली, माझं पोट दुखतंय, तू जा पुढे. टाकेबाई पेपर देऊन आली तर गल्लीच्या तोंडाशी ट्रक. विद्यापीठ निघून दहा-बारा वर्षं झाली होती आणि आता सभागृहाला जागा हवी होती. चिमणीचं घर पहिल्या ट्रकमधून गेलंही होतं. कुठे, ते कुणालाच नीट सांगता येईना. संध्याकाळी यांचंही सामान चढलं. गाव सोडून पार पलीकडे, जिथून शाळा तीन तासांवर होती.

"निकाल लागला असेल ना," ती म्हणाली. "बघायला कुणी गेलंच नाही."

"मग तुम्ही इथेच कशा आलात कामाला?" मुलीनं विचारलं.

"जाहिरात आली. आई म्हणाली, त्या जागेचं तोंड बघू नकोस. मला तर बघायचंच होतं."

सरांनी तिला वर्गात बोलावलं. ती तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली, "भाषण नाही करणार. जागा दाखवीन." मग सगळा वर्ग सभागृहात गेला, मागून आम्ही कर्मचारी. टाकेबाई मंचावर गेली आणि चालायला लागली. "इथे नळ. इथे भांडणं. हा जो तुमचा माइक आहे ना, तिथे शिंपीकाकांचं मशीन." मुलं हसली. मग ती एका जागी थांबली, हात पुढे केला आणि हवेतच कोपर दुमडून म्हणाली, "इथे वीट होती." त्यानंतर कुणी हसलं नाही. ती तशीच उभी राहिली. शेवटी चष्मेवाली मुलगी वर गेली आणि तिला हाताला धरून खाली घेऊन आली.

मुलांनी ती गोष्ट शहरभर सांगितली. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, बसथांब्यावर. हळूहळू त्या गल्लीतली माणसं येऊ लागली. एकूण अकरा आली. सगळे पिकलेले. सरांनी त्यांना घेऊन कुलसचिवांची भेट घेतली. कुलसचिव म्हणाले, "झालं गेलं. आता उकरून काय मिळणार?" त्यावर त्या अकरांतलेच शिंपीकाका म्हणाले, "साहेब, आम्ही काही मागायला नाही आलो. आम्ही होतो, एवढं लिहा." आठ महिने कागद इकडून तिकडे फिरले. शेवटी एक शुद्धिपत्र छापून आलं, दोन ओळींचं. या जागी बत्तीस कुटुंबांची वस्ती होती, असं. हाती लागल्या तेवढ्या प्रतींत टाकेबाईनंच ते चिकटवलं. सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी उतारही झाला, त्या मुलीच्या गोष्टीमुळे.

चिमणी मात्र त्या अकरांत नव्हती. तिचा फोन नंबर शिंपीकाकांच्या सुनेनं मिळवला. ती बसनं चार तासांवर राहत होती. टाकेबाईनं रजा काढली, केसांना कलप लावला, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी उतावीळपणे विचारलं, "भेटली? ओळखलं?"

"ओळखलं की. रडली पण. मग मी विटेचं काढलं, तर म्हणते, कुठली वीट गं?" टाकेबाईनं दोऱ्याला मेण लावलं. "मला म्हणाली, त्या गल्लीत मी कधी पोटभर जेवलेली आठवत नाही. बाबा मारायचे. ट्रकमध्ये बसले तेव्हा मला वाटलं, सुटले. तू कशाला इतकी झुरत बसलीस?"

मी माझ्या डब्यातली पोळी तिच्यापुढे सरकवली.

"मार ऐकू यायचा मला," ती म्हणाली. "म्हणूनच तर हात द्यायचे. ते मी विसरले होते, आणि हात ती विसरली."

पुढच्या वर्षी सरांनी नव्या मुलांसमोर पुन्हा बोलावलं, तेव्हा तिनं चिमणीचंही सांगितलं. मार, उपास, सुटल्यासारखं वाटणं, सगळं. एका मुलानं विचारलं, "मग मावशी, ती गल्ली चांगली होती की वाईट?" ती म्हणाली, "आमची होती. वाईट असली तरी मोडायची की नाही, हे आम्हाला विचारायला हवं होतं."

चिमणीला तिनं इकडे यायचं आमंत्रण दिलंय. ती म्हणते, गुडघे बरे झाले की येईन. दर रविवारी दोघींचं फोनवर बोलणं होतं. बरंचसं गुडघ्यांबद्दलच.