सात नंबरच्या गाडीची चोवीस बुचं

बायको गेली त्याच्या चौदाव्या दिवशी मी कामावर गेलो. लोक म्हणाले, महिनाभर तरी थांबा. थांबून काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. खडकीला आमच्या दोन खोल्या, पहिल्या मजल्यावर. एका खोलीतून दुसरीत जायला सहा पावलं लागतात. तेवढ्यात माणसाने किती फिरायचं?

काम गोल्फच्या मैदानावर. खेळायचं नव्हे, बॅटऱ्यांचं. तिथे मेंबर लोक विजेवरच्या छोट्या गाड्यांतून फिरतात. अशा अठरा गाड्या पत्र्याच्या शेडमध्ये असायच्या. संध्याकाळी चार्जिंगला लावायच्या, सकाळी तपासून बाहेर सोडायच्या. एका गाडीत सीटखाली सहा बॅटऱ्या, एका बॅटरीत चार सेल, म्हणजे गाडीमागे चोवीस बुचं. बूच काढायचं, काचेच्या नळीने थोडं ॲसिड वर ओढायचं आणि नळीतली दांडी कुठल्या आकड्यावर तरंगते ते बघायचं. बाराशे साठच्या वर असेल तर सेल भरला. अकराशेच्या घरात उतरला तर ती गाडी बाहेर काढायची नाही. मी सातवीपर्यंत शिकलो, पण हे शाळेत शिकवत नाहीत. आधी ट्रकच्या बॅटऱ्यांच्या दुकानात होतो, तिथे हात पोळून घेऊन शिकलो.

गाडीत समोर एक काटाही असतो, स्कूटरच्या पेट्रोलच्या काट्यासारखा. चार्जिंगवरून काढल्या काढल्या तो नेहमी भरलेलाच दाखवतो, आत एखादा सेल मेलेला असला तरी. गाडीत दोन माणसं बसली आणि चढ लागला की मग खरं काय ते कळतं. म्हणून मी सगळ्यांना सांगायचो, काट्यावर विश्वास ठेवू नका, तो हांजी हांजी करतो. मॅनेजर म्हणायचा, "काका, तुम्ही काट्यालासुद्धा सोडत नाही."

या कामात कपडे टिकत नाहीत. ॲसिडचा थेंब पँटवर पडला तर तेव्हा कळत नाही. पँट धुतली की भोकं दिसतात. बायको दोरीवर टाकताना पँट उजेडात धरायची आणि म्हणायची, "आवो, पँट हाय का चाळण?" मग जुन्या ब्लाउजचा तुकडा आतून लावायची. खाकी पँटवर गुडघ्याला हिरवं, मांडीला जांभळं. शेडमधले हसायचे. हसू देत.

शेवटच्या वर्षी तिला दम लागायचा. डबा घेऊन निघताना मी विचारायचो, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी हाय, जावा." मी जायचो. दवाखान्यात नेलं तेव्हा हृदय निम्मंच चालत होतं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, जिना चढताना या मध्ये बसायच्या का? मला सांगता येईना. आमच्याकडे सोळा पायऱ्या आहेत. मी कायम तिच्या पुढे चढलो. मागे काय चाललंय ते बघितलंच नाही.

तर चौदाव्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "काका, एवढ्यात आलात?"

"घरी कोण आहे?"

तो म्हणाला, "रविवारी मॅच आहे. अठराच्या अठरा गाड्या लागतील. आणि एक सांगून ठेवतो. दिवाळीनंतर नव्या गाड्या येणार. त्यात पाणी नाही, ॲसिड नाही. बॅटरी किती टक्के आहे ते मोबाइलवर दिसतं. तेव्हा तुमचं काय करायचं ते बघू."

मला दुसरं काही नको होतं. सकाळी उठून जायला ती शेड पाहिजे होती, बास.

पण त्या आठवड्यात माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. पहिल्या गाडीपासून अठराव्यापर्यंत जायचो, परत फिरायचो. बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन उचलायचो, तिथेच ठेवायचो. दिवसातून दहा वेळा सगळे काटे बघायचो. बुचं उघडायची तर खाली बसावं लागतं. एका गाडीला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं एका जागी बसलं की बायको दोरीपाशी उभी दिसायची. मी उठायचो. चार-पाच गाड्या अर्ध्यामुर्ध्या तपासल्या. बाकीच्यांचे नुसते काटे बघितले, ते भरलेले होते.

रविवारी सात नंबरची गाडी मैदानाच्या पार टोकाला, चढावर बंद पडली. तिच्यात एक रिटायर्ड मेंबर आणि त्यांची बायको. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी तीन नंबरची गाडी आणि दोर घेऊन पोचलो तर त्या उन्हात कडेच्या दगडावर बसलेल्या, तोंड लालबुंद.

"या," मेंबर म्हणाले. "आम्ही म्हटलं, संध्याकाळपर्यंत याल."

मी दोर बांधायला लागलो.

"काटा तर भरलेला होता हो."

"काटा खोटं बोलतो."

"हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

बाईंनी विचारलं, "पाणी आहे का हो थोडं?" मी पाणी नेलं नव्हतं. गाडीत डिस्टिल वॉटरचा कॅन होता, तो काय त्यांना देणार. त्यांना पुढच्या गाडीत बसवलं आणि सात नंबर ओढत आणली. शेडमध्ये सीट उचलली. तिसऱ्या बॅटरीचा दुसरा सेल कोरडा. पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, नळीत ओढायला काही नव्हतंच. एका दिवसात असं होत नाही. बायको जायच्या आधीपासून ते उतरत असणार. मी आठवडाभर त्याच्या शेजारून जात होतो.

मॅनेजर आला. ओरडला नाही, ते जास्त लागलं. "काका, महिनाभर घरी राहा."

"चूक माझी आहे. पाहिजे तर सही करून देतो. घरी पाठवू नका."

"मी शिक्षा देतोय का?"

"हीच शिक्षा आहे."

"मग शिक्षा समजा," तो म्हणाला.

मुलगी कोथरूडला राहते, आठव्या मजल्यावर. तिने मला नेलं आणि म्हणाली, "अण्णा, आता इथेच राहायचं." दुसऱ्या दिवशी मी तिच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या. चौथ्या दिवशी सोसायटीच्या जनरेटरची बॅटरी उघडली, तेव्हा सेक्रेटरीचा फोन आला. मुलगी म्हणाली, "अण्णा, तुम्ही जरा बसा ना."

गुरुवार आला. गुरुवारी लाइट जातात. जनरेटर पाण्याच्या पंपापुरता, लिफ्ट बंद. आम्ही मंडईतून भाजी घेऊन आलो होतो, जिन्याने निघालो. पिशव्या माझ्याकडे होत्या म्हणून मी मागे. पाचव्या मजल्यावर ती कठडा धरून थांबली.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे, चला."

मी म्हणालो, "नाही. बस."

ती पायरीवर बसली. मी खालच्या पायरीवर. थोड्या वेळाने म्हणाली, "आई इथेच बसली होती. मागे एकदा एकटीच आली होती, तेव्हाही लाइट नव्हते. मला म्हणाली, अण्णांना सांगू नकोस. ते कामावर जायचे नाहीत, आणि घरात बसले तर मला आणि स्वतःला, दोघांना छळतील."

"असं म्हणाली?"

"अगदी असंच."

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. मुलगीही रडली. वरून कोणी तरी उतरत होतं, त्यांना आम्ही बाजूला सरकून वाट दिली आणि परत बसलो. लाइट येईपर्यंत तिथेच होतो. बायको गेल्यापासून एवढा वेळ मी एका जागी बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी खडकीला गेलो. कपडे धुताना बायको ज्या पाटावर बसायची तो पिशवीत घातला आणि शेडमध्ये गेलो. सात नंबरच्या शेजारी पाट टाकला आणि पहिलं बूच काढलं.

मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. "महिना झाला?"

"नाही."

"मग?"

"बसून करतो. एकेक. तुम्ही पाहिजे तर घड्याळ लावा."

त्याने घड्याळ लावलं नाही, पण उभा राहिला. चोविसावं बूच लावेपर्यंत मी उठलो नाही. मेलेली बॅटरी बदलायला सांगितली. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत या. पुढचं पुढे."

दिवाळीनंतर नव्या गाड्या आल्या. त्यांचे टक्के मॅनेजर मोबाइलवर बघतो, मला त्यात काही करायचं नसतं. जुन्या सतरा गाड्या गेल्या. सात नंबर माळ्यांनी मागून घेतली, माती आणि खत वाहायला. तिला बघायला कोणी तरी लागणारच, म्हणून मी राहिलो. घरी परत खडकीला आलो, मुलगी रागावली आहे, गुरुवारी तिच्याकडे जातो.

रोज सकाळी चोवीस बुचं. वीस मिनिटांचं काम आहे. हल्ली मी अर्धा तास लावतो.