ओल्या शेंदरावरचा कौल

देवीचं करायचं म्हणून करतो, पण ती खरंच ऐकते का, ही शंका बायको गेल्यापासून माझ्या मनात होती. आम्हाला मूल झालं नाही. त्यासाठी तिनं वाघजाईपुढं किती वेळा पदर पसरला असेल, ते त्या दोघींनाच ठाऊक. एसटीतली कंडक्टरकी संपवून पासलीजवळच्या आमच्या वाडीत परत आलो तेव्हा दोघं होतो, आता मी एकटा. वाडीतली पोरं पुण्याला, घरांना कुलपं. देवीच्या दिवाबत्तीची पाळी पूर्वी भावकीत फिरायची. एकेक घर डोंगर उतरून गेलं आणि दिवा माझ्या गळ्यात पडला. जन्मभर लोकांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणत आलो, ते सगळे सरकले आणि मागं मीच राहिलो.

आमच्याकडं माणसाला नाव नाही विचारत, 'कुणाचा रं तू?' असं विचारतात. लहानपणी मी छाती काढून बापाचं आणि आज्याचं नाव सांगायचो. आता वाटतं, मागच्या बाजूनं मी कुणाचा तरी आहे, पुढच्या बाजूनं कुणाचाच नाही. हा विचार भर दुपारी जेवताना यायचा आणि घास तोंडात फिरत राहायचा.

अशात देवीच्या राईखालच्या माझ्या पडीक तुकड्यासाठी एक दलाल घिरट्या घालू लागला. वर डोंगरावर बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते आणि रस्ता न्यायला तेवढीच जागा होती. त्या तुकड्यात एक झरा आहे, दगडांनी बांधलेला, वैशाखातही न आटणारा. रस्ता झाला की तो बुजणार, हे त्यानं लपवलं नाही. "आप्पा, तुमच्या मागं पिणारं कोण हाय? कुणासाठी राखताय पानी?" मला राग आला नाही, कारण तो माझ्याच मनातलं बोलत होता. पुतण्याही फोनवर म्हणत होता, सही करा आणि हडपसरला या, एक खोली तुमची. माणसांत राहायला मिळालं असतं. त्याहून जास्त मला काही नको होतं.

तरी मन धजेना. म्हणून चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीला कौल लावला. आमची रीत अशी की, देवीच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं एकेक फूल चिकटवायचं आणि मनातलं विचारायचं. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. चाफ्याची फुलं लावली, 'सही करू का?' असं विचारलं आणि बसलो. बसलोच. मुंग्या पायावरून गेल्या, पण फुलं हलेनात. मग ध्यानात आलं. पौर्णिमेचा म्हणून आदल्या दिवशी मीच तेलात कालवलेला शेंदूर देवीला लिंपला होता आणि तो अजून ओला होता. फुलं त्यात रुतून बसली होती. रोजची दिवाबत्ती करणाऱ्यानं ओल्या शेंदरावर कौल लावावा, म्हणजे कमाल झाली. आधी हसू आलं. मग "बाई, तू बी बोलायची न्हाईस व्हय माझ्याशी?" म्हणालो आणि खरोखर रडलो. राईत ऐकायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात पायवाटेवरून हाक आली, "आजोबा, हितं पानी कुठं मिळंल का?" हातात रिकामी बाटली घेतलेली एक पोटुशी पोर होती. शिवऱ्याकडची. खाली घाटात मोटारसायकल पंक्चर झाली होती, नवरा तिथं खटपट करत होता. डोळे पुसून मी तिला झऱ्यावर नेलं. ती ओंजळीनं पाणी प्यायली, दगडावर टेकली आणि ओला हात पोटावर ठेवून हसली. "गप झालं बघा. मगाधरनं लाथा मारत हुतं."

मग तिनं विचारलं, "कुणी बांधलाय ह्यो झरा?"

"ठाऊक न्हाई. माझ्या आज्याला बी ठाऊक नव्हतं."

"तेंच्या घरातलं कोण हाय का आता?"

"त्ये बी ठाऊक न्हाई."

"कोण का असंनात," ती म्हणाली आणि तिनं त्या दगडांना हात जोडले. "तेंचं भलं हुईल."

जन्मभर हे पाणी प्यायलो, बायकोच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं तेही इथलंच. पण हे दगड बसवणाऱ्याला मुलंबाळं होती की तोही माझ्यासारखाच होता, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

जाताना ती देवीच्या पाया पडली आणि पदर पसरून म्हणाली, "त्यातलं येक फूल द्या की वटीत. बाळाला हुईल." आता आली का पंचाईत! कौलाचं फूल माणसानं काढायचं नसतं. पण देवीच्या दारात पदर पसरलेल्या पोटुशीला रिकामं पाठवायचं नसतं, हीही रीतच आहे. मी हात पुढं केला. तो देवीच्या डाव्या खांद्याकडं गेला. शेंदूर लागलेलं ते फूल मी तिच्या पदरात घातलं आणि ती बाटली भरून घेऊन खाली उतरली. थोड्या वेळानं मोटारसायकलचा आवाज आला आणि दूर गेला.

फूल मी काढलं की देवीनं पाडलं, हा वाद मी घालत नाही. दलालाला नाही म्हणून सांगितलं. पुतण्या रागावला, त्याचा फोन हल्ली येत नाही. संध्याकाळ आजही खायला उठते, खोटं कशाला बोलू. पण दिवा लावला की देवीला हात जोडतो आणि म्हणतो, बाई, तू बोललीस. झऱ्याचे सुटलेले दोन दगड मी परत बसवले. माझ्यानंतर काय राहावं ते तिचं ती बघेल, मी आपलं गाळ काढायचं काम करतो.

त्या पोरीचं नाव विचारायचं राहून गेलं. तिनंही मला 'तुमी कुणाचं?' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर आता सांगितलं असतं, ज्यानं हा झरा बांधला, मी त्याचा.