तक्रारखोलीतल्या वहिनी

कारखान्यात त्यांना झाडलोट करणाऱ्यांपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे वहिनीच म्हणत. कारण साधं होतं. त्यांचा धाकटा दीर तिथेच टेस्टिंगचा फोरमन होता, तो त्यांना वहिनी म्हणून हाक मारायचा, आणि त्याचा आवाज असा की एका शेडमध्ये बोलला तर तिन्ही शेडना कळावं. वहिनी नोकरीला लागल्या त्याच आठवड्यात त्यांचं खरं नाव मागे पडलं, ते फक्त हजेरीपटावर उरलं.

कारखाना सुरक्षापट्ट्यांचा. उंचावर काम करणारे लोक, म्हणजे रंगारी, विजेच्या खांबांवर चढणारे, इमारतींच्या काचा पुसणारे, कमरेला जो पट्टा बांधतात, तो तिथे शिवला जायचा. वहिनींनी सव्वीस वर्षं माल पाठवायच्या विभागात काढली. खोकी मोजायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या, गाडी भरून दिली की पावतीवर सही घ्यायची. मग ते सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि वहिनींचं काय करायचं, हा प्रश्न पडला.

त्याच सुमारास एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली, की कामगारांना गैरप्रकार निर्भयपणे सांगता येतील अशी सोय असल्याशिवाय माल घेणार नाही. मॅनेजरने चाळीस पानी नियमांची पुस्तिका छापून घेतली, एक पेटी टांगली आणि तक्रार अधिकारी म्हणून रिकाम्या बसलेल्या वहिनींचं नाव घातलं. खोली मिळाली ती स्टोअरच्या शेजारची. आदल्या दिवसापर्यंत तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत. त्यातलीच एक ठाकठीक करून वहिनी तिच्यावर बसल्या आणि पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. ती पूर्ण वाचणारं कारखान्यात दुसरं कोणी नव्हतं, मॅनेजरसुद्धा नाही.

पहिले चार महिने पेटीत गोळ्यांचे कागद निघाले, एक तुटकं बटण निघालं, आणि एकदा चिठ्ठी निघाली: 'कँटीनचा चहा म्हणजे गरम पाणी.' चिठ्ठी थट्टेची होती, पण वहिनी उठल्या, कँटीनमध्ये गेल्या, कपभर चहा प्यायल्या आणि कँटीनवाल्याशी अर्धा तास बोलल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'चहाची तक्रार आली होती. खरी होती. दूध वाढवलं आहे.' लोक हसले. पण पेटीत टाकलेल्या कागदाचं पुढे काहीतरी होतं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मग वहिनींनी पेटी हलवायला काढली. ती मॅनेजरच्या काचेच्या दारासमोर होती, वर कॅमेरा.

"तिथे काय वाईट आहे?" मॅनेजरने विचारलं.

"मांजराच्या दारात उंदरांसाठी पेटी ठेवली तर कोण येईल, साहेब?"

"पण बाहेरून कोणी पाहायला आलं तर ती समोर दिसायला नको का?"

"शोभेसाठी असेल तर राहू द्या. वापरासाठी असेल तर सायकल स्टँडपाशी लावते."

पेटी सायकल स्टँडपाशी गेली. जेवणाच्या सुट्टीत वहिनी डबा घेऊन रोज वेगळ्या विभागात बसायला लागल्या. शिलाईतल्या एकीने त्यांना तोंडावर विचारलं, "वहिनी, ही तर चहाडीच झाली ना? आपल्याच माणसांची."

वहिनींनी घास संपवला. म्हणाल्या, "चहाडी माणसाची करतात. तू मला कामाबद्दल सांग. माणसाचं नंतर बघू."

तीच बाई दोन आठवड्यांनी तक्रारखोलीच्या दारात उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"माझा भाऊ टाक्या रंगवतो," ती म्हणाली. "त्याच्या कमरेला आपलाच पट्टा असतो. टेस्टिंगचं, पट्ट्याला ओढ देऊन बघायचं मशीन दीड महिना बंद पडलंय. तरी रोजच्या तक्त्यावर आकडे भरले जातात आणि माल बाहेर जातो."

"तक्त्यावर सही कोणाची असते?" वहिनींनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

"तुम्हाला माहीत आहे, वहिनी. म्हणून तर दोनदा दारातून परत गेले."

वहिनींनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. कागदावर त्या बाईचं नाव कुठेच घातलं नाही. ती गेल्यावर मात्र बराच वेळ पेन हातात तसंच राहिलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा दीर अठरा वर्षांचा होता. या नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्याच्या शर्टाला इस्त्री त्यांनीच करून दिली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय म्हणायचं?

पण पुस्तिकेतला अकरावा नियम स्पष्ट होता. तक्रार अधिकाऱ्याच्या नात्यातल्या माणसाचा संबंध असेल, तर कागद लगेच तक्रार समितीवर बाहेरून नेमलेल्या वकीलबाईंकडे द्यायचा. वहिनींनी तो तासाभरात पोचता केला. संध्याकाळी घरी गेलो तर आपला निश्चय पातळ होईल, हे त्या ओळखून होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलबाई एका इंजिनिअरला घेऊन आल्या. मशीनवर धूळ होती, तक्त्यावर आकडे होते. माल थांबला. बाहेर गेलेले अकराशे पट्टे परत मागवून तपासले, तेव्हा त्यातल्या एकोणीस पट्ट्यांची शिवण ओढ देताच उसवली. दोऱ्याची एक खेप खराब लागली होती. सुदैवाने तोवर कोणी पडलं नव्हतं.

मॅनेजर पन्नास जणांचे रजेचे अर्ज घेऊन तक्रारखोलीत आला. "तक्रारीचा कागद दाखवा. अक्षर जुळवून बघू."

वहिनींनी जवळ ठेवलेली कागदाची झेरॉक्स पुढे केली. "जुळवा. अक्षर माझं आहे."

"सांगितलं कोणी?"

"ते विचारायचा अधिकार तुम्हाला नाही, साहेब. नियम चौथा. पुस्तिका तुम्हीच छापलीत."

घरी वेगळीच परीक्षा होती. दिराचा फोन आला तो वहिनींच्या यजमानांना. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला शांत माणूस. फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुला आधी माहीत होतं?"

"होतं."

"मला बोलली नाहीस."

"नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले. "मला सांगितलं असतंस, तर मी त्याला सांगितलं असतं." आणि ताटं घ्यायला लागले.

दीर रविवारी आला. चप्पल न काढता दारातच बोलला. त्याचा तो प्रसिद्ध आवाज त्या दिवशी इतका खाली होता की वहिनींना पुढे यावं लागलं.

"घरातलं माणूस म्हणून निदान कानावर घालायचं होतंत, वहिनी. मी रातोरात मशीन सुरू करून घेतलं असतं."

"आणि गेलेले पट्टे, भाऊजी?"

तो वळून निघून गेला.

चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. दिराने मशीनच्या दुरुस्तीसाठी मॅनेजरला तीनदा लेखी कळवलं होतं, आणि तिन्ही वेळा 'आकडे भरा, माल थांबवू नका' एवढंच उत्तर आलं होतं. मॅनेजरची नोकरी गेली. दिराची नोकरी त्या तीन कागदांनी वाचली, पण सह्या त्याच्याच होत्या, म्हणून फोरमनकी गेली आणि तो पुन्हा साध्या टेस्टिंगच्या टेबलावर आला. आठ महिने तो वहिनींच्या घरी फिरकला नाही. कारखान्यात समोरासमोर आले तर मान हलवायचा, हाक मारायचा नाही. जाऊ मात्र दर आठवड्याला फोन करायची. "तुमचे भाऊजी अजून फुगलेत," एवढा बातमीपत्राचा मथळा दिला की मग मुलांच्या परीक्षांवर यायची. वहिनी ऐकून घ्यायच्या. फोन ठेवल्यावर कधी कधी उगाचच कपाट आवरायला काढायच्या.

नवव्या महिन्यात, एका मंगळवारी, खोलीबाहेरच्या बाकावर तीन माणसं बसलेली होती. आता तसं रोजच कोणी ना कोणी असायचं. तिसरा दीर होता. आपली पाळी येईपर्यंत तो गुपचूप बसून राहिला.

"या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "घरचं बोलायचंय की तक्रार आहे?"

"तक्रार." त्याने घसा साफ केला. "नवा सुपरवायझर ओढ कमी लावायला सांगतोय. पट्टे पटापट पास व्हावेत म्हणून. मी नाही म्हटलं. तर म्हणाला, एकदा तोंड पोळलंय ना, गप्प बसा."

"मग ती मला घेता येणार नाही. तुम्ही माझे दीर. अकरावा नियम. वकीलबाईंकडे जाईल."

तो आठ महिन्यांत पहिल्यांदा हसला. "म्हणजे एवढा धीर करून आलो, त्याचा काही उपयोग नाही?"

"फॉर्म देते. चहा देते. आता बरा असतो."

फॉर्म भरता भरता त्याने मान वर न करता विचारलं, "तेव्हा कोण आलं होतं, वहिनी? आता तरी सांगा. काही करणार नाही मी."

"तुम्ही आज आलात, हे मी उद्या कोणाला सांगितलं तर चालेल?"

त्याने फॉर्म पुरा केला, घडी घातली, पाकिटात घालून स्वतःच चिकटवला. चहा संपवून कप विसळून ठेवला आणि दाराशी थांबला.

"रविवारी घरी आहात?"

"आहोत की."

रविवारी तो बायकोला आणि मुलांना घेऊन जेवायला आला. बोलला पहिल्यासारखाच, इतक्या मोठ्याने की शेजारीण गॅलरीत आली आणि पाहुणे कोण आलेत ते बघून हसत आत गेली. वहिनींचे यजमान त्याला दोनदा म्हणाले, अरे, हळू. वहिनी म्हणाल्या, बोलू द्या.