बिबट्याच्या गोष्टीतला रोहिणी मॅडमचा आवाज

रोहिणी मॅडम गेल्यावर मी त्यांना पुन्हा बोलायला लावलं.

तिसरीच्या वर्गात. त्यांच्याच पोरांसमोर.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळे स्टेटसला त्यांचा फोटो ठेवतायत. माझा हात धजत नाहीये, म्हणून हे लिहितेय.

सातपूरच्या आमच्या शाळेत आमचे वर्ग शेजारी शेजारी. माझी दुसरी, त्यांची तिसरी. शाळेला टॅब मिळाले तेव्हा आम्ही बाकीच्यांनी त्यावर कविता लावून दिल्या आणि मोकळे झालो.

मॅडमनी टॅब पोरांच्याच हातात दिला. म्हणाल्या, "गोष्ट बनवा."

पोरांनी बिबट्या निवडला. नाशिकच्या पोरांना कॉलनीत शिरलेला बिबट्या काही नवीन नाही.

कोणी गल्लीचे फोटो काढले, कोणी पात्रांचे आवाज दिले. निवेदन मॅडमचं.

मग त्यांनी तीच गोष्ट बिबट्याच्या तोंडून रेकॉर्ड करायला सांगितली.

बिबट्या झाली कावेरी. वडील कंपनीत शिफ्टला, आई धुण्याभांड्याला. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी माइकसमोर म्हणाली, "मी वाट चुकलोय. तुम्ही सगळे का ओरडताय?"

मॅडम रेकॉर्डिंग थांबवून मला बोलवायला आल्या.

"ऐका ना जरा. गोष्ट तीच, फक्त सांगणारा बदलला. आता घाबरलाय तो बिबट्या. हे मी नाही हं शिकवलं."

शेवट तेवढा राहिला होता.

दिवाळीच्या सुट्टीत मॅडमना हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलपर्यंतही पोहोचल्या नाहीत.

सुट्टी संपली आणि तिसरीही माझ्याकडे आली. मॅडम गेल्याचं मीच पोरांना सांगितलं. थोड्या दिवसांनी पोरं विचारायला लागली, "बिबट्याचं पुढे काय झालं?"

मी एक ॲप शोधलं. जुन्या रेकॉर्डिंगवरून तसाच आवाज तयार करून देणारं.

शेवट मी टाइप केला. वनखात्याचे लोक बिबट्याला जंगलात सोडतात, तो आनंदाने पळत जातो. मॅडमच्या आवाजात ते ऐकून मलाच रडू आलं. वाटलं, पोरांना किती बरं वाटेल.

त्यांच्या मिस्टरांना विचारावं, हे डोक्यातही आलं नाही.

वर्गात लावलं.

कावेरी उठली आणि दारातून बाहेर पळाली. व्हरांडा, ऑफिस, स्टाफरूम, सगळीकडे बघून धापा टाकत परत आली.

"मॅडम कुठे बसल्यात?"

मी तिच्यासमोर खाली बसले. "मॅडम नाहीयेत बाळा. हा आवाज मशीनने केलाय. शब्द माझे आहेत."

"पण मॅडम बोलल्या ना?"

"नाही बोलल्या."

मॅडम गेल्याचं सांगितलं तेव्हा ही मुलगी रडली नव्हती. त्या दिवशी रडली. तिच्यासाठी मॅडम त्या दिवशी गेल्या, आणि ते माझ्यामुळे.

फाइल डिलीट केली. संध्याकाळी मॅडमच्या घरी जाऊन त्यांच्या मिस्टरांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "मला असं काही असतं हे माहीत नव्हतं, ते बरंच झालं. मीही केलं असतं."

त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही.

गोष्टीचा शेवट पुढे पोरांनीच केला. कावेरी माइकसमोर बसली. बिबट्या पिंजऱ्यात आहे, गाडी चाललीय, कुठे ते त्याला माहीत नाही.

एवढं बोलून ती थांबली.

मी म्हटलं, "जंगलात पोहोचला, असं म्हणायचं का?"

"नको," ती म्हणाली. "त्याला अजून माहीत नाय."

तसंच ठेवलं.

मॅडम, तुमच्या तोंडी माझे शब्द घातले. माफ करा.

तुमची आठवण येते. निरोप घेते.